दुधीचं सॉसेज

मोघेकाका सॉसेज पट्टीनं मोजत, आणि ते सॉसेज दुधीचं असे.

दुधी किसून त्यात कणीक, बेसन, आलं-मिरची घालून वाफवलेले मुठिये बडोद्यात घरोघरी होतात. काकांकडेही तेच व्हायचे. फक्त काका प्रत्येक मुठिया ताटात आडवा ठेवून त्याला सहा इंची स्टीलची पट्टी लावायचे. चार इंचांच्या पुढे गेला की सुरीनं टोक उडवायचे आणि म्हणायचे, "मापात बसत नाही." उडवलेलं टोक शिकणाऱ्यानं खायचं, असा नियम होता. पहिल्या दिवशी मला त्यांच्या शिकवणीतली आवडलेली गोष्ट तेवढी एकच.

शिकवणी होती इंग्लिश ब्रेकफास्टची. मी तिथे कशी पोचले ते आधी सांगते.

माझा नवरा प्रकाश ज्या कारखान्यात होता तो बंद पडून दीड वर्ष झालं होतं. तरसालीला आमचं दोन खोल्यांचं घर, घरात सासूबाई आणि दहावीतली मुलगी. मी एका दवाखान्यात पेशंटच्या देखभालीचं काम करायचे. इंग्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीला बायका हव्या आहेत असं कळलं, म्हणून एका एजंटबाईंकडे नाव घातलं. इंग्रजीची परीक्षा कशीबशी पास झाले. मग व्हिडिओवर मुलाखती सुरू झाल्या, आणि लागोपाठ दोन मुलाखतींत मी आपटले. पहिल्या वेळी तोंडातून शब्दच फुटला नाही. दुसऱ्या वेळी समोरच्या बाईंनी विचारलं, आमच्याकडे सकाळी स्वयंपाकघरातही हात लावावा लागतो, तर फुल इंग्लिश ब्रेकफास्टमध्ये काय काय असतं? मी म्हणाले, ब्रेड-बटर, जॅम आणि कॉर्नफ्लेक्स. बाई हसल्या. वाईट नाही हसल्या, पण हसल्या. दोन दिवसांनी नकार आला.

"वैशालीबेन, आता एकच जागा आहे माझ्याकडे," एजंटबाई म्हणाल्या. "समुद्रकाठचं छोटं घर आहे, अठरा म्हातारी माणसं. तिथेही ब्रेकफास्ट विचारणारच. ही गेली तर माझ्याकडे दुसरी नाही. तुम्ही वाडीत मोघेकाकांकडे जा."

"ते तिकडे राहून आलेत का?"

"ना रे. ते मुंबईच्या पुढे नाही गेलेले. पण जा तुम्ही."

मुलाखतीला तीन आठवडे होते.

काका बडोद्याच्या वाडी भागातल्या एका पोळीत, म्हणजे जुन्या अरुंद गल्लीत, शारदाबेन नावाच्या विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. वय सत्तरीच्या पुढे. बाजव्याकडच्या एका मोठ्या प्लांटात जन्मभर ड्राफ्ट्समन होते. पाइप, टाक्या, व्हॉल्व्ह यांचे नकाशे काढत आलेले. घरातही पॅन्ट, पट्टा आणि खिशात तीन पेन्सिली. मी दार वाजवलं तेव्हा त्यांनी मला बसाही म्हटलं नाही. भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर एक मोठा नकाशा टाचलेला होता. प्लेटचा. वरून दिसणारी प्लेट, बाजूनं दिसणारी प्लेट, बाणांनी दाखवलेली मापं आणि खाली कोपऱ्यात चौकट आखून सुबक अक्षरात लिहिलेलं नाव: पूर्ण इंग्रजी न्याहारी, एका व्यक्तीसाठी.

"पाठ कर," काका म्हणाले. "अंडं बाराला, बेकन तीनला, सॉसेज पाचला."

"किती वाजता, काका?"

"वाजता नाही. प्लेट म्हणजे घड्याळ धर."

त्यांचं म्हणणं असं होतं की आपल्या ताटात सगळं ठरलेलं असतं. मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. पंगतीत डोळे मिटून हात घातला तरी माणूस चुकत नाही. इंग्रजांनी इतकी वर्षं राज्य केलं, पण स्वतःच्या प्लेटीत डावं-उजवं ठरवलं नाही. हे राहून गेलेलं काम मोघेकाकांनी पूर्ण केलं होतं, वाडीत बसून.

काका कट्टर शाकाहारी. शारदाबेन त्यांच्याहून कट्टर; घरात कांदाही चालत नसे. मीही माळकऱ्यांच्या घरातली, सासरही तसंच. त्यामुळे काकांच्या प्लेटीतला प्रत्येक जिन्नस बदली कामगार होता. सॉसेजच्या जागी मुठिया. बेकनच्या जागी उडदाचा पापड, कच्चा असतानाच कात्रीनं पट्ट्या कापून तव्यावर शेकलेला. ब्लॅक पुडिंग म्हणजे रक्ताची वडी, हे सांगताना काका खिडकीबाहेर बघायचे, आणि तिच्या जागी अळूवडीची चकती ठेवायचे. मश्रूमच्या जागी वांग्याच्या काचऱ्या. बीन्स म्हणून टोमॅटोच्या रसातली पांढरी चवळी, आणि ती कायम वाटीत, कारण "पातळ पदार्थ मोकळा सोडायचा नसतो, पाझरतो." अंडं म्हणजे तांदळाचं छोटं घावन आणि त्यावर मधोमध घट्ट पिठल्याचा गोळा. खरे असे दोनच जिन्नस होते, अर्धा कापून तव्यावर टाकलेला टोमॅटो आणि तळलेला पाव.

आणि बटाट्याचं हॅश ब्राउन? ते मी एकदा विचारलं. काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

"ते दबाण आहे," ते म्हणाले.

रस्त्यावर कुणी टपरी पुढे सरकवली की बडोद्यात त्याला दबाण म्हणतात. मग म्युनिसिपालिटीची गाडी येते आणि ते काढते. काकांच्या लेखी हॅश ब्राउन तसंच बाहेरून येऊन प्लेटीत बसलेलं होतं. निवृत्त लोकांच्या एका समारंभाला प्लांटवाल्यांनी त्यांना मोठ्या हॉटेलात बोलावलं होतं. तिथे एका टेबलावर 'इंग्लिश ब्रेकफास्ट' अशी पाटी होती. काका स्वतः त्यातलं काही खाणार नव्हते. तरी त्यांनी मॅनेजरला बोलावून हॅश ब्राउन काढायला लावलं, आणि ते निघेपर्यंत तिथून हलले नाहीत. मागे रांग लागली होती. त्यांचे जुने साहेब रांगेत होते.

हे ऐकून मला हसू आलं. काका हसले नाहीत. "पाचला काय?" त्यांनी विचारलं.

"सॉसेज."

"सातला?"

मी चुकले. त्यांनी मला पहिल्यापासून म्हणायला लावलं.

असे दिवस चालले होते. मी दवाखान्यातून सुटून दोन बस बदलून वाडीत यायची, चारच्या सुमाराला. काका इंग्रजीतून प्रश्न विचारायचे, मी इंग्रजीतून उत्तर द्यायची. बेकन आधी की सॉसेज आधी? सॉसेज, त्याला वेळ लागतो. प्लेट गरम की गार? गरम. अंडं तव्याच्या कडेवर फोडायचं का? नाही, सपाट जागी, म्हणजे टरफल आत जात नाही. अंड्याबद्दल काका इतकं बारीक बोलायचे की मला वाटायचं, या माणसानं लपूनछपून का होईना, पुष्कळ अंडी तळली असणार. मी मनात त्यांना माफही करून टाकलं होतं.

मला झोप लागेनाशी झाली होती. प्रकाश सकाळी मी निघताना माझी बस जाईपर्यंत थांब्यावर उभा राहायचा. सासूबाई मला विचारायच्या, "तिकडे तुला कुणाचं उष्टं-खरकटं काढावं लागेल का गं?" मी म्हणायचे, "तेच तर काम आहे, आई." शेवटच्या आठवड्यापर्यंत मला प्लेट झोपेतही म्हणता यायला लागली होती, आणि आता विचारा काय विचारायचं ते, असं पहिल्यांदाच वाटलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी एजंटबाईंचा मेसेज आला. त्या घराच्या मॅनेजरबाईंना नुसती उत्तरं नको होती. कॅमेऱ्यासमोर करून दाखवायचं होतं. पूर्ण प्लेट नाही, पण तळलेलं अंडं, बीन्स आणि टोस्ट. उद्या दुपारी तीन वाजता.

मी तशीच वाडीत गेले. जिना चढून वर आले तेव्हा मला धाप लागली होती. फोन काकांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून मेसेज दोनदा वाचला.

"ठीक आहे," मी म्हणाले. "माझ्या घरी शक्य नाही, आई अन्न सोडतील. इथेच करू. तुम्ही मला एकदा दाखवा, मग मी करते."

काकांनी फोन टेबलावर ठेवला. मग पट्टी उचलून टेबलाच्या कडेला समांतर ठेवली.

"मी कधी फोडलेलं नाही," ते म्हणाले.

"काय?"

"अंडं. हातातसुद्धा धरलेलं नाही."

मग जे सुचलं ते मी बोलले, आणि बरंच बोलले. तीन आठवडे तुम्ही मला घावनं करायला लावलीत. मुठिये मोजत बसलात. माझ्या घरात माणसं बसून आहेत, तुम्हाला हा खेळ वाटला का? तुम्हाला काय, तुमचं पेन्शन आहे, नकाशा आहे. माझा आवाज चढला असणार, कारण खाली शारदाबेनच्या घरातला टीव्ही बारीक झाला.

काका उभेच होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी चपला घातल्या, खुंटीवरची कापडी पिशवी घेतली आणि जिना उतरून गेले. मला वाटलं, रागावून गेले. मी तिथेच बसून राहिले, कारण घरी जाऊन काय सांगायचं ते मला कळत नव्हतं.

अर्ध्या तासानं जिन्यावर पावलं वाजली आणि मधेच थांबली. शारदाबेनचा आवाज आला, "शुं लाव्या, मोघेभाई?"

मग काका म्हणाले, "सॅम्पल छे, बेन."

ते वर आले तेव्हा पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली होती. चेहरा घामानं डबडबलेला. त्यांनी आधी दार लावलं. मग स्वयंपाकघरातला देव्हारा उचलला आणि बाहेरच्या खोलीत कपाटावर नेऊन ठेवला. देवांना हात जोडून काहीतरी पुटपुटले. मला "थोडा वेळ" एवढंच ऐकू आलं. पिशवीतून एक नवा छोटा तवा काढला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली सहा अंडी.

आम्ही दोघं त्या अंड्यांकडे बघत उभे राहिलो.

"सपाट जागी," काका स्वतःशीच म्हणाले. त्यांनी एक उचललं. ओट्यावर त्यांनी ते इतकं हळू टेकवलं की काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा जरा जोरात. तिसऱ्यांदा सगळं अंडं तळहातात चेचलं गेलं. बोटांमधून पिवळं गळायला लागलं. काकांनी डोळे मिटले. हात तसाच पुढे धरून ते उभे राहिले, आणि मी नळ सोडेपर्यंत हलले नाहीत.

दुसरं मी फोडलं. टरफलासकट तव्यात गेलं. तिसरं नीट फुटलं पण पिवळं पसरलं. चौथं तव्याला चिकटलं. वास खोलीभर झाला होता. मी खिडकीशी जाऊन श्वास घेऊन परत यायची. दोन उरली.

"ही उद्यासाठी," काका म्हणाले. "आता हात लावायचा नाही." ते तवा घासत होते, आणि माझ्याकडे पाठ होती. "नंदिनी एका हातानं फोडते. बोलता बोलता."

"नंदिनी कोण?"

"माझी मुलगी."

तीन आठवड्यांत मी हे नाव एकदाही ऐकलं नव्हतं. घरात तिचा फोटोही नव्हता. काकांनी मग घासता घासताच सांगितलं. मुलगी अशाच एका घरात कामाला लागली होती, इंग्लंडात. तीन वर्षं स्वयंपाकघरात होती. काकांना तिनं केलेलं काहीच चाललं नसतं, पण ती करते काय ते कळावं म्हणून त्यांनी नकाशा काढायला घेतला. मग ती हुशारीनं वर चढली. आता दुसऱ्या शहरात, त्यांच्या मोठ्या ऑफिसात असते. रविवारी फोन करते.

"चांगलंच झालं की," मी म्हणाले.

"चांगलंच झालं. फक्त आता ती काय काम करते ते मला समजत नाही." त्यांनी तवा पालथा घातला. "नकाशा निघत नाही त्याचा."

मी जे बोलले होते त्याची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. उद्या अडीचला येते म्हणून निघून आले.

दुसऱ्या दिवशी काकांनी सगळी मांडणी करून ठेवली होती. चवळीची वाटी, पाव, तवा, उलथणं, मधोमध वाटीत दोन अंडी. समोर डब्यांवर टेकवलेला माझा फोन. ते स्वतः कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा कोपऱ्यात उभे राहिले. तीनला पाच मिनिटं असताना मी त्यांना म्हणाले, "काका, तुम्ही बाहेर बसा. तुम्ही असलात की मी चुकेन." ते लगेच गेले.

मॅनेजरबाई जाडशा, साठीकडे झुकलेल्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. पहिले प्रश्न देखभालीचे होते. ते मला येत होते. मग त्या म्हणाल्या, चला, करा सुरू. मी पाव भाजायला टाकला. चवळी गरम केली. अंडं घेतलं, ओट्यावर टिचकी दिली, तव्यावर उघडलं. पिवळं फुटलं आणि पांढऱ्यात पसरत गेलं.

त्याच वेळी जिन्यावरून शारदाबेन वर आल्याचं कळलं. "मोघेभाई, आ शानी वास आवे छे?"

दार उघडून काका बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. तरी सगळं ऐकू येत होतं. काका गुजरातीत, अगदी शांतपणे बोलत होते. वास अंड्याचा आहे, बेन. मीच आणलं. काल खोटं बोललो. आत एका बाईची परीक्षा चालू आहे. मला दहा मिनिटं द्या. त्यानंतर तुम्ही घर खाली करायला सांगितलंत तर महिन्याच्या आत करीन.

माझे कान तिकडे आणि डोळे तव्यावर. फोनमधून बाई म्हणाल्या, "फुटलं की. आमच्या एका आजोबांना पिवळं फुटलेलं चालत नाही. आता?"

"दुसरं करून देईन," मी म्हणाले.

"आणि हे?"

मी तीन आठवड्यांत पाठ केलेल्या कुठल्याच उत्तरात हे नव्हतं. घरात अन्न टाकत नाहीत, एवढंच मला माहीत होतं. "हे मी खाईन," मी म्हणाले.

"मग खा," बाई म्हणाल्या. त्या चेष्टेत म्हणाल्या असतील. मला ते तेव्हा कळलं नाही. मी उलथण्यानं ते ताटलीत काढलं, मीठ टाकलं आणि खाल्लं. चार घासांत संपवलं. कसं लागलं ते मला आजही सांगता येणार नाही, कारण माझं सगळं लक्ष ते पोटात ठेवण्यात होतं. मग मी हात धुतले आणि शेवटचं अंडं उचललं.

ते नीट फुटलं. पिवळं गोल राहिलं. मी कडेनं गरम तेल उडवत राहिले, काकांनी सांगितलं होतं तसं, आणि अलगद काढून प्लेटीत ठेवलं. बाराला. चवळीची वाटी दहाला, टोस्ट सहाला.

बाईंनी प्लेट कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितली. बराच वेळ बघितली. "बीन्स वाटीत का?" त्यांनी विचारलं.

"पाझरतात," मी म्हणाले.

फोन बंद करून बाहेर आले तेव्हा शारदाबेन जिन्याच्या वरच्या पायरीवर नाकाला पदर लावून बसल्या होत्या. दोन पायऱ्या खाली काका उभे होते. शारदाबेननी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे.

"थई गयुं?"

"थई गयुं, बेन."

"धोई नाखजो बधुं. बारी उघाडी राखजो." सगळं धुवा, खिडकी उघडी ठेवा, एवढंच सांगून त्या उठल्या आणि खाली गेल्या. घर खाली करण्याचा विषय त्यांनी काढला नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी ते स्वयंपाकघर तीनदा धुतलं, देव परत जागेवर आणले. काकांनी मुलाखतीबद्दल एकच प्रश्न विचारला. "बाराला ठेवलंस?"

"बाराला."

त्यांनी मान हलवली. अंडं खाल्ल्याचं मी त्यांना सांगितलं नाही; सासूबाईंनाही नाही. तिसऱ्या दिवशी होकार आला.

इथे येऊन मला आता दुसरं वर्ष चालू आहे. आमच्या घरात अठरा नाही, सोळा म्हातारी माणसं आहेत. आल्या आल्या मला एक गोष्ट कळली, ती मी काकांना लगेच सांगितली नाही. रोज ती मोठी प्लेट इथे कुणी खात नाही. रोज ओट्सची लापशी, टोस्ट आणि चहा. ती प्लेट रविवारी होते, आणि तीही पाच-सहा जणांचीच. बीन्स कुणी वाटीत मागत नाही. आणि हॅश ब्राउन असतं, दर रविवारी, फ्रीझरमधून काढलेलं.

पहिल्या रविवारी मी काकांना व्हिडिओ फोन लावला, स्वयंपाकघरातून. फोन शेगडीकडे तोंड करून डब्याला टेकवला, घरातलं कुणी दिसणार नाही असा. मी पॅनमध्ये अंडी सोडत होते, एका हातानं अजून जमत नाही. हॅश ब्राउन टाकलं तेव्हा खाकरल्याचा आवाज आला, इतकंच.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. त्याच वेळेला.

"काका, आज सोमवार. आज काही नाही, लापशी आहे."

"असू दे," ते म्हणाले. "ठेव तसाच."

मग तो रोजचाच झाला. मी साडेसातला स्वयंपाकघरात आले की फोन वाजायचा, मी तो डब्याला टेकवायची आणि कामाला लागायची. ते बोलायचे नाहीत. कधी कधी मी विसरूनही जायची की फोन चालू आहे. मधेच नुसता भांड्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, तिकडे त्यांचं काहीतरी आवरणं चालू असेल.

एकदा फोन डब्यावरून घसरला. उचलताना मी पहिल्यांदा पडद्याकडे नीट बघितलं. काकांच्या समोर ताट होतं. वरणभात, डावीकडे लिंबाची फोड, उजवीकडे भाजी. ते मान खाली घालून जेवत होते. माझं लक्ष गेल्याचं त्यांना कळलं नाही. मी फोन परत टेकवला आणि लापशी ढवळत राहिले.

त्या रविवारी मी प्रकाशला काकांच्या जेवणाबद्दल सहज विचारलं. तो अधूनमधून वाडीत जाऊन काकांना भेटून येतो. तो म्हणाला, काका बाराच्या ठोक्याला जेवतात, प्लांटात बाराला भोंगा व्हायचा तेव्हापासून. शारदाबेननी सांगितलं त्याला, पाच-सहा वर्षं झाली, नंदिनी ऑफिसात गेल्यापासून, दुपारचं जेवण नीट नव्हतं त्यांचं. अर्धं ताट पोळीतल्या गाईला जायचं. आता जेवतात म्हणे. इथले साडेसात म्हणजे उन्हाळ्यात तिकडचे बारा.

ऑक्टोबरच्या शेवटी इथली घड्याळं एक तास मागे करतात. मी काकांना आदल्या दिवशी सांगितलं. "उद्यापासून मला इथे यायला तुमचा एक वाजेल, काका. तुम्ही तुमच्या वेळेला जेवून घेत जा."

फोनसमोर ते जेवतात हे मला ठाऊक असल्याचं मी बोलून गेले होते, ते नंतर माझ्या लक्षात आलं.

"बघू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फोन लागला तेव्हा मी डब्याला टेकवायच्या आधी पडदा बघितला. एक वाजून गेला होता. ताट वाढलेलं होतं, भाताची मूद अजून मोडलेली नव्हती. काका हात मांडीवर ठेवून बसले होते.

"हं," ते म्हणाले. "लाव शेगडी."